एन्झाइम शरीरात नेमकं काय करतात? रोजच्या व्यवहारात कुठे दिसतात? आणि पचनाच्या एन्झाइम गोळ्या घ्याव्यात का?

एन्झाइम्स म्हणजे बहुतेक प्रथिनंच. रासायनिक क्रियेचा वेग ती प्रचंड वाढवतात, स्वतः मात्र खर्च होत नाहीत.

ज्वारीची भाकरी कोरड्यासाशिवाय सावकाश चावून बघा, गोडसर लागेल. लाळेतलं अमायलेज पिठातल्या स्टार्चची साखर करायला लागलेलं असतं. जठरातल्या आम्लात ते थांबतं, तिथे पेप्सिन प्रथिनं तोडतं. बाकीचं लहान आतड्यात, मुख्यतः स्वादुपिंडाच्या एन्झाइम्सकडून.

पण आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी-अथणीकडं खरं उदाहरण उसाचं. तोडलेला ऊस फडात नाहीतर ट्रॉलीत पडून राहिला की त्यातलं इन्व्हर्टेज हे एन्झाइम सुक्रोज (म्हणजे साखर) फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. जोडीला जिवाणू असतातच. वजन घटतं, कारखान्याचा उतारा (उसातून मिळणाऱ्या साखरेचं प्रमाण) पडतो, आणि अशा रसाचा गूळ घट्ट बसत नाही, लवकर पाघळतो. जळालेल्या उसात हे आणखी झपाट्यानं होतं. तोड मिळूनही गाडी काट्यावर दोन दिवस अडकली की शेतकरी चिडतो, ते उगाच नाही.

मटणाला कच्ची पपई लावतात, तिथे पपईतलं प्रथिनं तोडणारं पपेन काम करतं. कपड्यांच्या पावडरीत प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं), लायपेज (चरबी तोडणारं) असतात. उकळतं पाणी ओतलंत तर ती निकामी होतात, कोमट पुरे.

पचनाच्या एन्झाइम गोळ्यांबद्दल विचारलंय म्हणून: स्वादुपिंडाच्या आजारात डॉक्टर त्या देतात, तिथे त्या खरंच लागतात. धडधाकट माणसानं लग्नाच्या पंगतीनंतर घ्यायची गरज नाही.