बदलीचा अर्ज न भरलेले सर

"बाई, नमस्कार. मी बेळगावात वडगावला राहते. आमचे हे खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं एका सरकारी मराठी शाळेत शिक्षक आहेत. सकाळी साडेसहाला घर सोडतात, यायला संध्याकाळचे सात. रविवारी आठवीच्या मुलांचा एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षेचा तास, तोही फुकट. पावसाळ्यात तर अधूनमधून तिकडंच मुक्काम. वह्या, कंपास, खेळाचे बूट, कुणाच्या औषधाचे पैसे, सगळं यांच्या पगारातून. मी घरी शिलाई करते, सासूबाईंच्या गुडघ्याचं बघते, मुलीचा अभ्यास घेते. बदल्यांचं कौन्सेलिंग निघालं तेव्हा यंदा शहराजवळ येतील म्हणून मी आस लावून बसले होते. नंतर त्यांच्या बरोबरच्या एका सरांच्या बायकोकडून कळलं, यांनी अर्जच भरला नव्हता. विचारलं तर म्हणाले, 'मी आलो तर तिथं कोण जाणार?' पगार काय, काही न करणाऱ्यालाही तेवढाच मिळतो. मग ही माणसं एवढं सगळं कशासाठी करतात? आणि मी काय करू?
– एका शिक्षकाची बायको"

ताई, तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. आधी दुसरा घेते, कारण झोप त्याच्यामुळं उडाली असणार.

तुमचा राग रास्त आहे. तो नेमका कशाचा आहे, हे मात्र आधी स्वतःशी ठरवून घ्या. साडेसहाची बस तुम्ही इतकी वर्षं सोसलीत. रविवारचा तास सोसलात. कुणाच्या पोराला बूट घेऊन दिले म्हणून तुम्ही घरात आदळआपट केल्याचं पत्रात कुठंच दिसत नाही. तुम्हाला लागलं ते अर्जाचं. घर दोघांचं, लेक दोघांची, आणि पुढची काही वर्षं कशी जायची हे सरांनी एकट्यानं ठरवलं. वर ते तुम्हाला कळलं बाहेरच्या माणसाकडून. काम कितीही मोलाचं असो, एवढं मात्र त्यांचं चुकलंच. हे त्यांना सरळ सांगा. सांगताना शाळेला मध्ये आणू नका. 'तुम्हाला घरापेक्षा शाळा प्यारी' म्हणालात की ते शाळेची बाजू घेऊन बोलायला लागतील आणि अर्जाचा विषय तिथंच राहील. 'मला न विचारता का ठरवलंत?' एवढंच विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

आता तुमचा पहिला प्रश्न. माझी सगळी नोकरी खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळांत गेली, त्यामुळं याचं उत्तर मला ऐकीव द्यावं लागणार नाही.

नलीकलीचा, म्हणजे खेळत-खेळत शिकायच्या पद्धतीचा वर्ग तुम्ही कधी आत बसून पाहिलाय का? पहिली ते तिसरीची मुलं एकाच खोलीत, खाली, गटागटानं बसलेली असतात. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ही पद्धत सुरू झाली, पुढं राज्यभर आली, तशी आपल्या मराठी शाळांतही. भिंतीवर शिडीचा तक्ता, एकेका पायरीची कार्डं, आणि मुलांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर चारी भिंतींना काळे फळे. त्यातला हातभर तुकडा एकेका मुलाचा स्वतःचा, त्यावर दुसऱ्यानं रेघ ओढली तर भांडण ठरलेलं. गुरुजी खुर्चीत नसतातच. एका गटात मांडी घालून बसावं, तोवर दुसऱ्या गटातलं कुणीतरी पाटी घेऊन पाठीशी उभं. कोण कुठल्या पायरीवर आहे हे प्रत्येक मुलागणिक डोक्यात ठेवायचं. हे रोज पेलायचं म्हणजे घसा जातो आणि गुडघेही जातात.

माझ्या वर्गात गवळी धनगरांच्या वाड्यावरून एक मुलगा यायचा. घरची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी, आणि त्यात पहिलीपासून कन्नड. दिवाळीपर्यंत त्यानं तोंड उघडलं नाही. कार्ड हातात घेऊन बसायचा, विचारलं की खाली बघायचा. दुसरीत गेल्यावर एका सोमवारी त्याची आजी शाळेच्या दारात येऊन उभी. मला वाटलं, तक्रार घेऊन आली. ती सांगायला आली होती की आदल्या दिवशी खानापूरच्या स्टँडवर नातवानं बसची पाटी वाचली. आपल्याकडं बसच्या पाट्या कन्नडमध्ये. त्या माउलीला मराठीही वाचता येत नव्हतं, कन्नडही नाही. जन्मभर कंडक्टरला नाहीतर शेजारच्या माणसाला विचारून चढायची. त्या दिवशी पोरानं एकेका अक्षरावर बोट फिरवत 'जां-बो-टी' वाचलं आणि आजीचा हात धरून तिला बसमध्ये चढवलं. "बाई, आता मला कुणाला इचारायला नको," म्हणाली. त्या वर्षी बदली मागायचा विचार माझ्या डोक्यात होता, तो तिथंच मागं पडला. मी मात्र तो विषय घरी येऊन, जेवायच्या आधी, नवऱ्यासमोर ठेवला होता.

पगाराचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं. राबणाऱ्याचा आणि दिवस ढकलणाऱ्याचा पगार सारखाच. चांगल्या शिक्षकाला हे नोकरीच्या पहिल्या वर्षातच कळतं, आणि तरी तो सातवी झालेल्या मुलीच्या घरी संध्याकाळी जाऊन बसतो, 'पुढं पाठवा' म्हणून बापाची मनधरणी करतो. तिथं त्याला एक गोष्ट स्वच्छ दिसत असते: आपण उठून गेलो तर ही पोर हायस्कूल बघणार नाही. शहरातल्या मुलाला शाळा नाहीतर क्लास, क्लास नाहीतर आईबाप असतात. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात बऱ्याच मुलांना शिकवणारा एकच माणूस असतो. आपल्यावाचून अडतं हे डोळ्यांनी दिसत असेल तर उठून जाणं फार अवघड असतं, ताई.

सीमाभागात ते आणखी अवघड होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आला. तेव्हापासून इथला मराठी शिक्षक दोन भाषांत राबतोय. शिकवायचं मराठीतून, परिपत्रक येतं कन्नडमधून. प्रशिक्षणाला जाऊन कन्नडमधून ऐकायचं आणि रात्री ते वर्गासाठी मराठीत उतरवायचं. दहावीला पोरांनी एसएसएलसीत मराठीही सोडवायची, कन्नडही. पुढं बेळगाव, धारवाड, बेंगळूर कुठंही गेली तरी अडू नयेत म्हणून त्यांचं कन्नड पक्कं करणारा बहुतेक वेळा हाच मराठी शाळेतला मास्तर असतो. त्यात मराठी माध्यमाच्या कितीतरी जागा रिकाम्या. रिकाम्या जागी अतिथी शिक्षक येतात. त्यातली कितीतरी पोरंपोरी जीव तोडून शिकवतात, पण त्यांची नेमणूक त्या वर्षापुरती, पुढच्या जूनमध्ये ती असतील का याचा भरवसा नाही. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. अशा शाळेतला एक गेला की निम्मी शाळा गेली. त्यामुळं 'मी आलो तर तिथं कोण जाणार' हे सरांचं बोलणं मला बहाणा वाटत नाही.

एनएमएमएसच्या तासाचंही सांगते, कारण रविवार त्यातच जातो. आठवीत ही परीक्षा पास होऊन निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात, चार वर्षांचे ४८ हजार. रोजगारावर जाणाऱ्या घरात तेवढ्यावर मुलीचं शिक्षण चालू राहतं की बंद होतं हे ठरतं. हा तास वाया जात नाही, एवढं मनाशी पक्कं धरा.

पण एका माणसानं किती ओढायचं, यालाही काही मर्यादा हवी. त्याच आरटीईत शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा धरलाय, घरी केलेली तयारी त्यात आली. तुमचे सर त्याच्या कितीतरी पुढं गेलेत. शिवाय निवडणूक, जनगणना आहेच. २०२५ च्या दसऱ्याच्या सुट्टीत राज्यभरचे शिक्षक सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणासाठी दारोदार फिरत होते, हे तुम्ही घरात भोगलंच असेल.

शिक्षक दिनाच्या भाषणात त्यागाच्या गोष्टी रंगवून सांगतात. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे ऐकून सभागृह गहिवरतं. मला त्या गोष्टीत दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. आपलं सोनं कुठं जातंय हे लक्ष्मीबाईंना रोज दिसत होतं. त्या पोरांना त्यांनी आपल्या हातानं जेवू घातलं, त्यांची दुखणी काढली. ते काम त्यांचंही होतं. तुम्ही तुमच्या वाट्याचं सगळं देताय, पण ते कुणासाठी जातंय त्यांची तोंडंसुद्धा तुम्हाला कुणी दाखवलेली नाहीत.

म्हणून पहिली गोष्ट, शाळेत जाऊन या. गॅदरिंगला किंवा १५ ऑगस्टला नको, त्या दिवशी सगळंच नटलेलं असतं. साध्या शनिवारी जा, सकाळची शाळा असते. मुलीलाही न्या. शक्ती योजनेत तुम्हाला बसचं तिकीटही पडणार नाही, फक्त आधार कार्ड जवळ असू द्या. मागं बसा, काही बोलू नका. सर तिथं कसे बोलतात, कुणाच्या शेजारी बसतात ते बघा. घरी आल्यावर नीट बोलायलाही ज्यांच्यात त्राण उरत नाही, ते सर दिवसभर कुठं खर्ची पडतात ते समजेल. मग तुमच्या मनातला राग कमी होईल की वाढेल, मला सांगता येत नाही. दोन्ही होऊ शकतं. पण त्यानंतरचं बोलणं दोघांनाही माहीत असलेल्या गोष्टीवर होईल.

दुसरं पैशाचं. पगारातून शाळेवर महिन्याला किती, हा आकडा दोघांनी बसून ठरवा आणि वहीत लिहा. त्याच्या वर एक रुपया नाही. वरचं लागेल ते गावानं बघावं. शाळा सुधारणा समिती त्यासाठीच आहे. त्या पट्ट्यातली किती पोरं गोव्यात, पुण्यात नोकरीला आहेत! गणपतीला सगळी गावी येतात. त्या दिवसांत सरांनी शाळेत एक बैठक लावावी आणि बूट, वह्या, छपराचे पत्रे, काय काय लागतं त्याची यादी त्यांच्यासमोर ठेवावी. आपल्याकडं लक्ष्मीच्या यात्रेला घरटी वर्गणी विनातक्रार जमते, आणि त्याच गावात शाळेच्या कंपासपेट्या मास्तरच्या पगारातून येतात, हे मला अजिबात पटत नाही. हात पसरायला चांगल्या शिक्षकांना संकोच वाटतो. तो त्यांना सोडावा लागेल.

रविवारचंही तसंच. महिन्यातले दोन रविवार सरांचे, दोन घरचे. घरच्या दोन रविवारी गावातलं कुणी पदवी झालेलं पोर तास घेईल, सरांनी पेपर काढून द्यावा. आणि घरच्या रविवारी मुलीचा अभ्यास त्यांनी घ्यायचा, तुम्ही नाही. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं तेही त्याच दिवसांत बसवा, नाहीतर किमान औषधं आणायचं काम तरी त्यांच्याकडं द्या.

राहिली बदली. आजच्या आज 'पुढच्या वेळी अर्ज भराच' असं त्यांच्याकडून वदवून घेऊ नका, आणि त्यांनीही 'कधीच नाही' म्हणायचं नाही. आता शिकत असलेली आठवीची मुलं बाहेर पडेपर्यंत की आणखी दोन वर्षं, मुलगी कितवीत जाईल तेव्हा, सासूबाईंचं ऑपरेशन करायचं झालं तर काय, हे सगळं मांडून एक मुदत ठरवा. त्या मुदतीत त्यांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं आपल्या जागी येणाऱ्या शिक्षकासाठी आतापासून पाठपुरावा करावा, समितीकडूनही लेखी मागणी जाऊ द्यावी. मुदत संपली की कौन्सेलिंगची तारीख निघेल तेव्हा फॉर्म घरी, तुमच्यासमोर भरायचा. तोवर तुमचं मत बदललं आणि तुम्हीच 'राहू दे' म्हणालात, तर तो निर्णयही दोघांचा असेल. ते तुमच्याशी बोलायलाच तयार नसतील तर त्यांच्या मुख्याध्यापकांकडं जाऊ नका, शिक्षकाच्या नोकरीत ती गोष्ट फार लागते. सासूबाईंना घेऊन बसा. त्यांच्या लेकानं अर्ज भरला नाही हे त्यांना ठाऊक आहे का, तेवढं आधी विचारा.