अलार्मची धास्ती आणि मोबाईलचा टॉर्च

"अलार्म वाजला की दचकून जाग येते, छातीत धडधडतं आणि मग सगळा दिवस तसाच जातो. मला काही झालंय का?" थोड्याफार फरकाने हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. मध्यंतरी तो घेऊन आलेला एक तरुण (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) पहाटेच्या पाळीला जाणारा होता. उपायही त्यानेच शोधून आणला होता: मोबाईलचा फ्लॅश हळूहळू उजळवत नेणारं एक अ‍ॅप. खोलीत कृत्रिम उजाडेल आणि आपोआप जाग येईल, अशी त्याची कल्पना. प्रत्यक्षात पहिल्याच पहाटे डोळ्यांवर एकदम पांढरा झोत आला आणि तो नेहमीपेक्षा जास्त दचकला.

"फोन कुठे ठेवला होता?" मी विचारलं.

"उशीशेजारी. एलईडी तोंडाकडे करून."

अडचण तिथेच होती. बऱ्याच फोनचा टॉर्च एक तर चालू असतो, नाही तर बंद. अँड्रॉइडमध्ये टॉर्चची तीव्रता कमी-जास्त करायची सोय अ‍ॅप्सना सरसकट मिळाली ती 2022 मधल्या तेराव्या आवृत्तीपासून, तीही फोनच्या हार्डवेअरला जमत असेल तरच. शिवाय अंधाराला सरावलेल्या डोळ्याला सगळ्यात मंद पायरीही झगझगीत वाटते. म्हणून आम्ही ठरवलं, फोन पलंगापासून लांब टेबलावर पालथा ठेवायचा. फ्लॅश मागच्या बाजूला असल्यामुळे उजेड छतावर जातो आणि तिथून पसरून खाली येतो. उशीखाली किंवा पांघरुणात मात्र फोन कधीच नको, एलईडी बराच वेळ चालू राहिला की तापतो. तीव्रता बदलता येत नसेल, तर फ्लॅशऐवजी स्क्रीनच तांबूस रंगापासून पांढऱ्यापर्यंत उजळवणं बरं.

यातून किती अपेक्षा ठेवायची, हेही मी त्याला स्पष्ट सांगितलं. डोळ्याच्या पडद्यात मेलानोप्सिन नावाचं प्रकाश टिपणारं प्रथिन असलेल्या काही पेशी असतात. साधारण 480 नॅनोमीटरच्या निळसर प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि दिवस उजाडल्याची वर्दी मेंदूतल्या घड्याळाला देतात. पण मिटलेल्या पापणीतून फार थोडा प्रकाश आत जातो आणि तोही बहुतांशी लालसर. पहाटेचा आभास देणाऱ्या खास दिव्यांचा उजेड उशीपाशी साधारण 100 ते 300 लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो. छतावरून परतलेला फोनचा उजेड त्याच्या जवळपासही जात नाही. त्या दिव्यांमुळे उठल्यानंतरची गुंगी कमी वाटल्याचं काही अभ्यासांत लोकांनी सांगितलं आहे. फोनकडून मात्र जाग थोडी सौम्य व्हावी, एवढीच अपेक्षा ठेवावी. डोळे उघडल्यावर लगेच खोलीतले दिवे लावणं, उजाडलं असेल तर खिडकीशी जाणं, याचा परिणाम कितीतरी जास्त.

तरीही मला खरी काळजी त्याच्या रात्रीची वाटत होती. तो पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीन अलार्म लावायचा. मध्यरात्रीनंतर पुन:पुन्हा जागा होऊन फोनवर वेळ बघायचा, उरलेले तास मोजायचा आणि मग डोळ्याला डोळा लागायचा नाही. एकदा उशीर झाल्यामुळे त्याला सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली होती. त्या दिवसापासून आपल्याला वेळेवर जाग येईल यावरचा त्याचा विश्वासच उडाला होता. अशी धास्ती घेऊन झोपलेल्या माणसाला अलार्म आवाज नाही, धोक्याची घंटा वाटतो. धडधड होणारच.

"पण उजेडाने जाग आली नाही तर?" त्याने दोनदा विचारलं.

तर अलार्म वाजेल. म्हणून तो काढायचा नाही, असं आमचं ठरलं. उजेड अर्धा तास आधी सुरू करायचा, अलार्म एकच आणि तोही हळूहळू चढत जाणाऱ्या आवाजाचा. पलंगावरून वेळ दिसेल असं काही ठेवायचं नाही. मध्येच जाग आली तर "अलार्म लावलेला आहे" एवढंच मनात म्हणायचं आणि फोनपर्यंत जायचं नाही. सुरुवात सुट्टीच्या दिवशी करायची, म्हणजे उशीर झाला तरी काही बिघडत नाही.

एक-दोन गोष्टी मी प्रत्येकाला विचारतेच. फिट्सचा त्रास असेल तर लुकलुकणारा फ्लॅश वापरायचा नाही. बायपोलर आजार असेल तर पहाटेच्या प्रखर प्रकाशाचे प्रयोग मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नकोत. मोठ्याने घोरणं, झोपेत गुदमरल्यासारखं होणं, पुरेशी झोप होऊनही दिवसा डुलक्या लागणं यांपैकी काही असेल, तर आधी डॉक्टर. त्याला यातलं काही नव्हतं.

काही आठवड्यांनी तो आला तेव्हा उजेडाने जाग कधी येत होती, कधी नव्हती. रात्री वेळ बघणं मात्र जवळजवळ थांबलं होतं आणि धडधडही कमी होती. "आता अलार्म काढून टाकू का?" त्याने विचारलं. पाळीच्या दिवशी नको, असं मी म्हटलं. सुट्टीला काढून बघायला तो तयार झाला.