बिग फोरबाहेरच्या सीएला जागतिक पातळीवर काम करता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कऱ्हाडला स्वतःची छोटी प्रॅक्टिस, वय 34, आयफॅकसारख्या ठिकाणी, म्हणजे जगभरच्या लेखापाल संस्थांच्या महासंघात, काम करायची इच्छा. त्याला बिग फोरचा, म्हणजे डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी या चार बड्या जागतिक फर्मांचा, शिक्का लागतो का, आणि सुरुवात कुठून करायची?

मी 26 वर्षं प्रॅक्टिसमध्ये आहे, त्यातली सहा आपल्या सीए इन्स्टिट्यूटच्या (आयसीएआय) स्थानिक ब्रँचच्या कमिटीवर काढली. आयफॅकवर मी कधी गेलेलो नाही, पण तिकडे जाणारी वाट कुठून सुटते ते पाहिलंय.

आधी एक गैरसमज काढून टाका. आयफॅक ही संस्थांची संस्था आहे. 1977 च्या ऑक्टोबरमध्ये म्युनिकला ती स्थापन झाली तेव्हा 51 देशांतल्या 63 संस्था तिच्यात होत्या. सभासद आपली इन्स्टिट्यूट आहे, तुम्ही-आम्ही नव्हे. मंडळावर जायचं तर नाव इन्स्टिट्यूटकडून जावं लागतं, आणि ते सहसा इन्स्टिट्यूटच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या मंडळात, वावरलेल्याचं जातं. कौन्सिलवर 40 जण. त्यातले 8 सरकार नेमतं, 32 निवडून येतात. म्हणजे ही वाट निवडणुकीतून जाते. डिसेंबरात शंभर मेसेज येतात ना, 'आपलं अमूल्य मत'वाले? ते तुम्हाला पाठवावे लागतील. जमेल का, ते आधी स्वतःला विचारा.

बिग फोरबद्दलची शंका अगदीच निराधार नाही. आयफॅकचे पहिले अध्यक्ष राइनहार्ट गोर्डेलर. केपीएमजीतला 'जी' त्यांचाच. पण मुंबईचे कमलेश विकमसी भारतीय फर्ममधले. 2005-06 मध्ये ते इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष होते आणि पुढे युनिसेफच्या ऑडिट सल्लागार समितीवर गेले. तेव्हा शिक्का नाही म्हणून दार बंद, असं नाही.

निवडणूक नको असेल तर दुसरी वाट आहे, आणि माझ्या मते खरं काम तिथंच आहे. आंतरराष्ट्रीय ऑडिट मानकं ठरवणाऱ्या मंडळाचा (आयएएएसबी) मसुदा निघाला की तो सगळ्यांसाठी खुला असतो. कुणीही पत्र लिहून मत कळवू शकतं. फर्म केवढी आहे, हे कुणी विचारत नाही.

2021 मध्ये छोट्या, कमी गुंतागुंतीच्या संस्थांच्या ऑडिटसाठी वेगळ्या मानकाचा मसुदा आला. मत द्यायची मुदत जानेवारी 2022 अखेर. त्या वर्षी टॅक्स ऑडिटची तारीख सरकत सरकत 15 फेब्रुवारीवर गेलेली, त्यामुळे ऑफिसात फायलींचे ढीग. तरी आम्ही चौघं तीन रविवार सकाळी माझ्या ऑफिसात बसलो. मसुद्यानं ग्रुप कंपन्यांना सरसकट बाहेर ठेवलं होतं. आमच्यातल्या एकाचा तासगावचा क्लायंट, बेदाण्याचा व्यापारी. त्याची एक कंपनी आणि तिच्याखाली कोल्ड स्टोरेजची दुसरी. अकाउंटंट एकच, टॅली एकच, दोन्हीकडे सही करणारा मालकही एकच. याला गुंतागुंतीचा ग्रुप म्हणायचं? आम्ही हेच दोन पानांत लिहिलं. पहिल्या खर्ड्यात मी 'हे आम्हाला मान्य नाही' असं ठणकावलं होतं. आमच्यातल्या सर्वांत तरुण मुलीनं ते खोडून नुसता बेदाणेवाल्याचा हिशेब मांडला. तिचं बरोबर होतं.

जगभरातून पत्रं गेली. पुढे 2023 च्या सुरुवातीला त्या मंडळानं ग्रुपसाठी वेगळा भाग मसुदा म्हणून काढला आणि डिसेंबर 2023 च्या अंतिम मानकात साधे ग्रुप आत आले. आमच्यामुळे झालं, असं म्हणण्याइतका मी खुळा नाही. पण चार माणसं सांगलीत बसून त्या टेबलावर कागद ठेवू शकतात, एवढं मला कळलं.

2022 च्या नोव्हेंबरात मुंबईला लेखापालांची जागतिक परिषद भरली, 1904 मध्ये सेंट लुईसला पहिली भरली तेव्हापासून 118 वर्षांत पहिल्यांदा भारतात. मी गेलो होतो. कुर्ल्याहून शेअर रिक्षानं बीकेसी, गळ्यात बिल्ला, कौतुक वाटलं. त्यातून काम मात्र मिळालं नाही. तिथं ओळखी होतात, पण ओळखीनंतर 'तुम्ही काय केलंय?' हा प्रश्न येतोच.

ब्रँचचं सांगतो. तिथं सेवा म्हणजे हॉलवाल्याला फोन, वक्त्याला स्टँडवरून आणणं, माइक बंद पडला की धावणं, आणि सीपीईच्या (सीएंना सक्तीच्या असलेल्या चालू शिक्षणाच्या) तासांसाठी सही ठोकून चहानंतर पसार होणाऱ्यांकडे बघत बसणं. वर्षभर हे पदाशिवाय करून पाहा. मी पहिल्याच वर्षी पद घेतलं आणि सप्टेंबरात दोन मोठे कार्यक्रम अंगावर घेतले. एका जुन्या क्लायंटचं रिटर्न राहिलं, त्याचा दंड मी भरला, तरी तो गेलाच. पार्टनर किंवा भरवशाचा सीनियर असल्याशिवाय यात उतरू नका.

पुढचा मसुदा निघाला की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. कऱ्हाडहून सांगली लांब नाही आणि रविवारी सकाळी ऑफिस उघडं असतं. फक्त स्वतःच्या एखाद्या क्लायंटची फाइल डोक्यात घेऊन या. बेदाणेवाला आमचा वापरून झालाय.