उत्तर: डेलियाच्या चित्रावर किती बोली लावू?

तुमची पोस्ट वाचली आणि सात वर्षांपूर्वीची मीच डोळ्यांसमोर आले. तुमचं स्टुटगार्टमधलं नवं घर, सोफ्यामागची रिकामी भिंत, मातीच्या भांड्यातली डेलियाची फुलं, १९२०च्या दशकातलं म्हणून दिलेलं जर्मन चित्र, पुठ्ठ्यावर तैलरंग, लिलावाच्या कॅटलॉगमध्ये अंदाजे किंमत १,८०० ते २,४०० युरो. आणि तुमचा प्रश्न एवढाच, की कुठपर्यंत ताणू? माझ्या चित्रात डेलियाऐवजी शेवंती होती. बाकी सगळं हेच.

नोंदणी, लेखी बोली की फोनवर, वगैरे इथे कोणीही सांगेल. पैशांचं एकदाच सांगते. हातोडा २,००० वर पडला, म्हणजे बोली तिथे थांबली, असं धरा. आउफगेल्ट (बोलीच्या वर खरेदीदाराने लिलाववाल्यांना द्यायची रक्कम) २८ टक्के असेल तर ५६०, ऑनलाइन बोलीचे ३ टक्के म्हणजे ६०. झाले २,६२०, आणि पाठवणी वेगळी. टक्के प्रत्येक ठिकाणी निराळे असतात, अटींमध्ये बघा. चित्रकाराला जाऊन ७० वर्षं झाली नसतील तर फोल्गेरेश्टचा (चित्र पुन्हा विकलं की चित्रकाराला किंवा वारसांना मिळणाऱ्या वाट्याचा) थोडा भारही खरेदीदारावर टाकतात. म्हणून मनातल्या आकड्यातून आधी हे वजा करा आणि मग बोली ठरवा.

पण माझा मुद्दा हा नाहीच. तुम्ही डकवलेला कॅटलॉगचा मजकूर मी तीनदा वाचला. त्यात ‘उजवीकडे खाली बेत्साइश्नेट’ आहे. ‘सिग्नियर्ट’ नाही.

याच एका शब्दाने मला बुडवलं. सिग्नियर्ट म्हणजे सही चित्रकाराचीच आहे असं लिलाववाल्यांचं मत. बेत्साइश्नेट म्हणजे तिथे नाव लिहिलेलं आहे, बस्स. चित्रकाराने लिहिलं, त्याच्या बायकोने लिहिलं की पन्नास वर्षांनी एखाद्या दुकानदाराने, ते आम्ही सांगत नाही. (सगळे हे शब्द इतक्या काटेकोरपणे वापरतात असं नाही. कॅटलॉगच्या शेवटी किंवा अटींमध्ये बहुतेक खुलासा असतो, तो वाचा. आणि हो, मी वकील नाही.) माझं जर्मन तेव्हा चांगलं होतं, ऑफिसच्या मेल मीच लिहायचे, आणि त्याच तोऱ्यात तो शब्द मी ‘सही केलेलं’ असा वाचून पुढे गेले. एवढं मोठं नाव इतक्या स्वस्तात कसं, हा प्रश्न पडला होता. त्याचं उत्तर मी ‘आपलं नशीब’ असं दिलं.

चित्र घरी आलं. पाठीवर नवाकोरा तपकिरी कागद चिकटवलेला. पाठीचा फोटो मी मागितलाच नव्हता.

मग वरातीमागून घोडं. त्या चित्रकाराच्या कामांची यादी जी संस्था ठेवते, तिच्याकडे चित्र खरंच त्याचं आहे का, यावर अभिप्राय मागितला. संस्थेचं नाव लिहीत नाही, आणि चित्रकाराचंही नाही, कारण ते सांगितलं की संस्था ओळखू येते. शुल्क आगाऊ. आधी फोटो, मग ‘मूळ चित्र पाठवा’, म्हणजे लाकडी खोका, विमा, सगळं माझ्या खर्चाने. पोच आली. त्यानंतर शांतता. फोन केला की बाई रजेवर, नाहीतर समितीची बैठक व्हायची आहे. असे चौदा महिने गेले. शेवटी दोन ओळी आल्या: तयार होत असलेल्या सूचीत हे चित्र घेण्याचा विचार नाही, कारणं देण्याची आमची पद्धत नाही. तोवर लिलावाच्या अटींमधली तक्रारीची एक वर्षाची मुदत उलटून गेली होती. तशीही ती उपयोगाची नव्हती. ‘बेत्साइश्नेट’ लिहिणाऱ्याने हमी दिलीच कुठे होती? आणि ऑनलाइन खरेदीचा १४ दिवसांत परत करण्याचा हक्क अशा जाहीर लिलावाला लागू होत नाही.

त्या संस्थेची भीती मला कळते. बेल्ट्राकी या नकली चित्रं रंगवणाऱ्याच्या प्रकरणात कांपेनडोंक या जर्मन चित्रकाराच्या नावावर खपवलेल्या, १९१४ सालच्या म्हणून विकलेल्या चित्रात टायटेनियम व्हाइट सापडलं. तो रंग तेव्हा बाजारात नव्हताच. २०११ मध्ये बेल्ट्राकीला शिक्षा झाली, पण त्याआधी नावाजलेल्या तज्ज्ञांनी त्याच्या चित्रांना खरेपणाचे दाखले दिले होते. तेव्हापासून दाखल्यावर सही करताना तज्ज्ञांचा हात थरथरणारच. पण ‘नाही’ म्हणायला चौदा महिने? तेही पैसे आधी घेऊन? असो.

तुम्ही आज काय करा: त्सुश्टांड्सबेरिश्ट, म्हणजे चित्राच्या अवस्थेचा अहवाल, मागा. पाठीचा फोटो, फ्रेम काढून चारही कडा, आणि त्या नावाचा जवळून, प्रकाश तिरका पाडून घेतलेला फोटो मागा. पुठ्ठ्याचे कोपरे दबतात, पदर सुटतात, त्याकडे लक्ष द्या. आठवड्याच्या आत फोटो आले नाहीत तर सोडून द्या. चित्र मांडलेलं असताना जाता आलं तर त्यांना विचारून ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च मारा. जुनं वॉर्निश हिरवट चमकतं, नंतरची डागडुजी काळी दिसते. नाव वॉर्निशच्या वर तरंगताना दिसलं तर ते नंतर कोणी लिहिलं असावं, हे समजून जा. पाठीवर प्रदर्शनाची चिठ्ठी असेल तर तारीख बघा. म्युनिकचा ग्लासपलास्ट, म्हणजे प्रदर्शनं भरायची ती काचेची इमारत, ६ जून १९३१ ला जळाला, तेव्हा तिथली १९३३ ची चिठ्ठी दिसली तर हसून बाहेर पडा.

आणखी एक, हे टाळू नका. १९३३ ते ४५ मध्ये चित्र कोणाकडे होतं ते विचारा आणि लॉस्ट आर्टच्या (नाझी काळात लुटलेल्या, हरवलेल्या कलाकृतींच्या) ऑनलाइन यादीत शोधा, फुकट आहे. ‘फुलांचं स्थिरचित्र’ या नावाची चित्रं ढिगाने असतात, म्हणून मापं आणि भांड्याचा आकार ताडून बघा.

माझं मत विचाराल तर (चुकीचं असू शकेल) संशयाच्या मोठ्या नावापेक्षा खात्रीचा छोटा चित्रकार घ्या. मोठ्या नावांपैकी कोरिंथने वाल्खेनझेला फुलं रंगवली, म्युंटरने मुर्नाऊला रंगवली, नोल्डेने तर स्वतःच्या बागेतली. त्याच काळात तशीच सुंदर फुलं रंगवणारे पण नाव न झालेले कितीतरी होते, ते आजही हजाराच्या आत मिळतात. या चित्रासाठी मी १,२०० च्या वर जाणार नाही. कोणी घेतलं नाही तर नाखफेरकाउफमध्ये, म्हणजे न विकलेल्या वस्तूंच्या लिलावानंतरच्या विक्रीत, विचारा, तिथे घासाघीस चालते.

आमची शेवंती आता चपलांच्या कपाटावर आहे. आई सांगलीहून आली की तिथे थांबून म्हणते, ‘रंग चांगला धरलाय गं.’ तो चांगला आहेच.

पाठीचे फोटो आले की इथे टाका, लॉटचा नंबर तेवढा झाका.