व्हिडिओ त्या फाइलीत कधी गेलाच नव्हता

प्रश्न : आमच्या शाळेने २००५ मध्ये गोव्यातल्या माशेलच्या चिखलकाल्यावर (चिखलात खेळायच्या उत्सवावर) मॅक्रोमीडिया डायरेक्टर या सॉफ्टवेअरमध्ये सीडी केली होती. आता माजी विद्यार्थ्यांना द्यावी म्हणून तिच्यातली .ईएक्सई फाइल मी पेनड्राइव्हवर घेतली. दुसरीकडे फोटो दिसतात, मृदंग ऐकू येतो, पण व्हिडिओच्या जागी रिकामा चौकोन येतो. माझ्या घरच्या जुन्या संगणकावर मात्र सगळं चालतं. असं का?
— निवृत्त शिक्षिका, माशेल

उत्तर : बाई, तुमच्या संगणकावर चालतं, तिथेच खरी गोम आहे. डायरेक्टरमध्ये फोटो आणि आवाज इम्पोर्ट केले की ते आत येऊन बसतात. व्हिडिओचं तसं नाही. त्याचा फक्त पत्ता नोंदला जातो, व्हिडिओची .एमओव्ही फाइल बाहेरच राहते. तुमच्या डिस्कवर ती फाइल अजून जुन्या जागी असणार. खात्री करायची असेल तर त्या फोल्डरचं नाव घटकाभर बदला आणि सीडी ड्राइव्हमधून काढून कार्यक्रम लावा. तुमच्याकडेही चौकोन रिकामा दिसेल.

हे मी पोळून शिकलो आहे. फोंड्याजवळच्या एका देवस्थानासाठी मी ५० सीडी केल्या आणि सगळ्या माझ्याच संगणकावर तपासल्या. जत्रेच्या दिवशी समितीसमोर पहिली लावली, तर पालखी निघायच्या जागी पांढरा पडदा. क्लिपा माझ्या डी ड्राइव्हवर राहिल्या होत्या. तेव्हापासून इम्पोर्ट करण्याआधीच सगळे व्हिडिओ प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाकायचे आणि तो फोल्डर अख्खा द्यायचा, ही सवय मी सोडली नाही.

तुम्ही मात्र आता डायरेक्टर दुरुस्त करत बसू नका. .एमओव्ही सोबत दिल्या तरी समोरच्या विंडोजवर त्या चालवायला अॅपलचं क्विकटाइम लागेल, आणि अॅपलने विंडोजसाठीचा त्याचा आधार २०१६ मध्येच काढून घेतला. सीडीवर .एमओव्ही फाइली सापडतील, त्या हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून एमपी४ करा : चित्र एच.२६४, आवाज एएसी. त्या काळच्या क्लिपा बहुधा ३२० बाय २४० पिक्सेलच्या असतात. त्या ताणून मोठ्या करू नका, चिखलातली पोरं ओळखू येणार नाहीत. मूळ फाइलीही जपून ठेवा.

मग पॉवरपॉइंटमध्ये नवी मांडणी करा. २०१० च्या आवृत्तीपासून व्हिडिओ सादरीकरणाच्या आतच बसतो. फक्त इन्सर्ट बटणाशेजारच्या बाणाखाली ‘लिंक टू फाइल’ आहे, ते निवडू नका, नाहीतर पुन्हा तोच चौकोन. वाटण्याआधी एकदा शेजाऱ्यांच्या संगणकावर लावून बघा. क्लिपा व्हॉट्सअॅपवर पाठवायच्या असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवल्या तर त्या आणखी दाबल्या जातात.

आणि बाई, चित्रीकरणाच्या मूळ कॅसेटी शाळेच्या कपाटात आहेत का, ते याच आठवड्यात बघा. सीडीवरच्या क्लिपांपेक्षा त्यांच्यावरचं चित्र कितीतरी स्वच्छ असेल, आणि आपल्याकडच्या पावसात टेपला बुरशी धरायला वेळ लागत नाही.