हॉस्टेलची मुले, रविवारची संध्याकाळ: वाचकांचे प्रश्न

या वेळी खान्देशातून आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच होता: शिकायला घराबाहेर पडलेल्या कॅथलिक मुलामुलींचा गट. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

जळगाव, धुळे, भुसावळ, कुठेच कॅथलिक विद्यापीठ नाही. परदेशातल्यासारखी ‘कॅम्पस मिनिस्ट्री’ (कॉलेजातल्या विद्यार्थ्यांसाठी चर्चचे काम) आपल्याकडे कशी चालणार?
(धर्मग्राम समिती सदस्य, भुसावळ)

चालते. ज्या न्यूमन क्लबांचे, म्हणजे विद्यापीठांतल्या कॅथलिक विद्यार्थी गटांचे, नाव आपण ऐकतो त्यांतला पहिला 1893 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात निघाला, आणि ते विद्यापीठ चर्चचे नव्हतेच. आपल्या देशात ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन 1924 पासून काम करते आहे. तिचे सभासदही सगळे कॅथलिक कॉलेजांतले नसतात.

चर्चचा 1983 चा कायदा याबाबत स्पष्ट आहे. नियम 813 म्हणतो की महागुरूंनी (बिशपांनी) विद्यार्थ्यांची खास काळजी घ्यावी, त्यांच्यासाठी धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका धर्मगुरूकडे सोपवलेला भाविकांचा समूह) उभारावा किंवा निदान कायमचे धर्मगुरू नेमावेत, आणि कॅथलिक नसलेल्या विद्यापीठांतही अशी केंद्रे असावीत. त्यामुळे मागणी करताना संकोच नको. फक्त ती लहान आणि नेमकी असावी. तुमच्या फादरांकडे तीन गोष्टी लेखी मागा: जबाबदार धर्मगुरूचे नाव, एक खोली, आणि न बदलणारी वेळ. खान्देश नाशिक धर्मप्रांतात, म्हणजे तिथल्या महागुरूंच्या अखत्यारीत, येतो, तेव्हा पुढचा पत्रव्यवहार फादरांमार्फत तिकडे जाईल.

सरकारी कॉलेजात वर्गखोली मात्र मागू नका. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे राज्यघटनेचे कलम 28 सांगते. प्राचार्यांना कशाला अडचणीत टाकायचे? चर्चचा हॉल वापरा.

आम्ही नऊ-दहा जण आहोत. सुरुवात तीन दिवसांच्या शिबिराने करावी असे चालले आहे. कसे वाटते?
(पदव्युत्तर विद्यार्थिनी, जळगाव)

नको. शिबिराला चाळीस जण येतात, फोटो निघतात आणि पंधरा दिवसांनी कोणी कोणाला ओळखत नाही. आधी आठवड्याचा एक तास पक्का करा, शिबिराचे मग बघू.

वार रविवारच घ्या. बहुतेक हॉस्टेलांत रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. मुले वडापाववर भागवतात किंवा उपाशी झोपतात. संध्याकाळची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), त्यानंतर तास आणि मग खिचडी, हा क्रम जिथे लावला तिथे उपस्थितीसाठी फोन करावे लागत नाहीत. संध्याकाळी मिस्सा नसेल तर सकाळी धर्मग्रामात जा आणि तास संध्याकाळी घ्या. शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारी मिस्साला जाण्याचे कर्तव्य पूर्ण करते, हे गावी ये-जा करणाऱ्यांना सांगून ठेवा.

तासाची आखणी अशी ठेवा. पाच मिनिटे गाणे. मग त्या रविवारचे शुभवर्तमान दोनदा मोठ्याने, दोन वेगवेगळ्या आवाजांत. त्यानंतर घड्याळ लावून तीन मिनिटे शांतता. पहिले दोन-तीन आठवडे ती जड जाते, कोणीतरी खोकते, कोणीतरी हसते, तरी कमी करू नका. पुढची वीस-पंचवीस मिनिटे बोलणे. एका गोलात सहा ते आठ जण पुरेत. बारा झाले की चौघेच बोलतात आणि बाकीचे मोबाइल बघतात. प्रत्येकाने एकदा बोलल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलायचे नाही, एवढा एकच नियम करा.

शेवटची पंधरा मिनिटे कार्डिन यांच्या पद्धतीने: पाहा, पारखा, कृती करा. बेल्जियमच्या या धर्मगुरूंनी ती कामगार तरुणांसाठी वापरली आणि विद्यार्थी संघटनांनी उचलली. बहुतेक गट ‘पाहा’वरच घसरतात. “तरुणांमध्ये व्यसन वाढले आहे” हे पाहणे नव्हे, ते भाषण झाले. “आपल्या मजल्यावरची धडगावची दोन मुले शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन भरताना अडली आहेत” हे पाहणे. पारखताना विचारा: का अडली? जातीच्या दाखल्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही म्हणून. मग कृतीही आपोआप ठरते: बुधवारी कोणीतरी त्यांच्याबरोबर सेतू केंद्रात जायचे. कोण जाणार त्याचे नाव वहीत लिहा आणि पुढच्या रविवारी पहिला प्रश्न तोच विचारा.

फादर असतील तर त्यांनीही गोलातच बसावे. दुसरे प्रवचन सुरू झाले की तास संपला म्हणून समजा.

वीस जणांसाठी खिचडीचे प्रमाण सांगा. दर वेळी उरते तरी किंवा करपते तरी.
(हॉस्टेल गट, धुळे)

आपल्या पद्धतीच्या तूरडाळीच्या खिचडीला वीस जणांसाठी 2 किलो तांदूळ आणि 700 ग्रॅम डाळ पुरते. डाळ अर्धा तास आधी भिजवा, नाहीतर भात मऊ होतो आणि डाळ कच्चीच राहते. तांदूळ-डाळ ज्या भांड्याने मोजली त्याच भांड्याने तिप्पट पाणी, आणि ते उकळते घाला. करपते ते पातळ बुडाच्या पातेल्यामुळे आणि मोठ्या शेगडीच्या आचेमुळे. पाणी आटत आले की आच अगदी मंद करून पातेल्याखाली तवा ठेवा. वरून घ्यायचे लसूण-मिरचीचे तेल वेगळे करा. 250 मिली पुरे. पापड, कांदा, लोणचे घरोघरून येते. भांडी घासायची पाळी लावताना मुलींचीच नावे वर का येतात, तेही कधीतरी ‘पारखा’मध्ये घ्या.

आमच्या गटात निम्मी मुले कॅथलिक नाहीत. त्यांना कम्युनियन (मिस्सात दिली जाणारी पवित्र भाकर) नाही म्हटले की वाईट वाटते.
(गटप्रमुख, नंदुरबार)

नंदुरबार, नवापूर भागातली पुष्कळ ख्रिस्ती मुले कॅथलिक नसलेल्या इतर चर्चमंडळ्यांतली आहेत, तेव्हा हा प्रश्न तुमच्याकडे कायम राहणार. नियम आहे तो आहे: चर्चचा कायदा सांगतो त्या विशेष परिस्थिती सोडल्या तर कम्युनियन कॅथलिकांनाच. ते मिस्साच्या आधी, बाजूला घेऊन सांगा. रांगेत थांबवून सांगितले की अपमान होतो. शुभवर्तमानाचा तास, गाणी, सेवा, खिचडी सगळ्यांसाठी खुली असू द्या. गाण्यांच्या वहीत त्यांची दोन-चार आणि मावची, पावरी बोलीतली काही आली तर उत्तम. ढोलक आणि टाळ्यांवर ती पेटीपेक्षा बरी चालतात.

ख्रिस्ती नसलेले मित्रही येतील. ते आले तर पाहुणे. कोणाला पुढे श्रद्धाशिक्षण हवेसे वाटले तर गटाने काही ठरवू नये, थेट फादरांकडे पाठवावे. प्रौढांची तयारी महिनोन्‌महिने चालते आणि त्यात घाई कोणाच्याच हिताची नसते.

हॉस्टेलजवळच्या भाड्याच्या खोलीत मिस्सा होऊ शकते का?
(विद्यार्थी, शहादा)

मिस्साची जागा चर्च. गरज असेल तर दुसरी साजेशी जागा चालते, पण ते धर्मगुरू ठरवतील. तुम्ही टेबल, स्वच्छ पांढरे कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या तयार ठेवा. पंखा मेणबत्तीवर येणार नाही हे आधी बघा. कम्युनियन घेणाऱ्यांचा आकडा आदल्या दिवशी कळवा. वाचकांना वाचन शनिवारीच द्या. रविवारी शुभवर्तमानाआधी दोन वाचने असतात आणि संत पौलाच्या पत्रांतली लांबलचक वाक्ये ऐनवेळी कोणालाच झेपत नाहीत.

एक दिवसाची रिट्रीट (प्रार्थना-चिंतनाचा दिवस) कधी आणि कशी?
(धर्मभगिनी, अमळनेर)

जानेवारी किंवा फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. एप्रिल-मेमध्ये परीक्षा आणि ऊन दोन्ही असतात. पत्र्याच्या हॉलमध्ये बेचाळीस अंशांत कोणाचे ध्यान लागत नाही. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाड्या बघूनच सुरुवातीची आणि निरोपाची वेळ ठरवा.

चुकते ते पापनिवेदनाच्या (एकेकाने धर्मगुरूंपुढे आपली पापे सांगण्याच्या) वेळी. तीस मुले, प्रत्येकी पाच मिनिटे, म्हणजे अडीच तास. एकच फादर आणि ‘जेवणानंतर पापनिवेदन’ असे ठेवले की मिस्साला अंधार पडतो. दोन-तीन धर्मगुरू बोलवा किंवा सकाळपासून शांततेच्या वेळात ते समांतर चालू ठेवा. प्रवचने दोनच, अर्ध्या तासाची.

मुलगी सतरा वर्षांची, अकरावीला जळगावी. अशा गटात पाठवू का?
(पालक, नवापूर)

आधी तीन गोष्टी विचारा. दोन प्रौढ, त्यांत एक स्त्री, प्रत्येक कार्यक्रमात असतात का? परत हॉस्टेलला किती वाजता आणि कोण सोडते? मुक्काम असेल तर तुमची लेखी संमती घेतात का? ठाम उत्तर मिळाले नाही तर पाठवू नका, आणि कारणही कळवा. अठरा वर्षांखालील मुलांबाबत लैंगिक गुन्हा घडल्याचे कळले तर पोलिसांना सांगणे 2012 च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. “आपसात मिटवू” ही भाषा तिथे चालत नाही.

आमचा गट दर दोन वर्षांनी बंद पडतो.
(माजी विद्यार्थी, धुळे)

कारण तो एका हुशार, धडपड्या पोरावर उभा असतो. ते पास होऊन पुण्याला गेले की चावीसुद्धा सापडत नाही. प्रमुख एक नको, तिघे करा: पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाचा एकेक. सूत्रे जानेवारीत द्या. एप्रिलमध्ये देणारा आणि घेणारा दोघेही परीक्षेत असतात. एका वहीत चावी कोणाकडे, भांड्यांची यादी, हिशेब, आणि आपला नंबर लिहायला हो म्हणणाऱ्यांचेच नंबर लिहा. दर आठवड्याला प्रत्येकी वीस रुपये, खर्चावर दोघांच्या सह्या. धर्मगुरूंची बदली बहुधा उन्हाळ्यातच होते, म्हणून गावातल्या एका कायमच्या कुटुंबाला गटाशी जोडून घ्या. जूनमध्ये नव्या मुलांना पहिला फोन त्या घरातून जाऊ द्या.

राखेच्या बुधवारचा (उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाचा) उपवास मेसमध्ये कसा पाळायचा?
(विद्यार्थी, भुसावळ)

त्या दिवशी आणि शुभ शुक्रवारी 18 ते 59 वयाच्यांनी एकच पूर्ण जेवण घ्यायचे. आणखी दोनदा थोडेसे खाता येते. मांस वर्ज्य, वयाची 14 वर्षे पूर्ण झाल्यापासून. पाण्याने उपवास मोडत नाही, तेव्हा मार्चच्या उन्हात पाणी टाळू नका. आजारी असलेल्यांना सूट असते. प्रात्यक्षिक परीक्षा असेल तर फादरांना विचारा. मेस शाकाहारी असेल तर मांस सोडण्यात काहीच जात नाही, त्याऐवजी रात्रीची टपरीवरची चक्कर सोडा. उपवासकाळातल्या शुक्रवारी क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाच्या स्थानांवरून करायची प्रार्थना) सहा-साडेसहाला, ऊन उतरल्यावर ठेवा. चौदा स्थाने असतात, तेव्हा वाचन एकट्यावर टाकू नका, वाटून द्या.