काय स्थिर ठेवायचं, ते आधी ठरव

प्रिय मित्रा,

हंपीला जाण्यापूर्वी कोणती लेन्स घेऊ, असं तू विचारलंस. कोणतीच घेऊ नकोस. आहे तीच लेन्स लाव आणि निघेपर्यंत जमेल तितक्या संध्याकाळी पुण्यातच रिक्षातून फोटो काढत हिंड.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीचं सगळं तसंच ठेवायचं, याला मी प्रयोग म्हणतो. परक्या गावात सगळंच नवं असतं. ऊन नवं, माणसं नवी, त्यात घाईही असते. फोटो बरा आला तरी तो कशामुळे आला ते उमगत नाही. लक्ष्मी रोड मात्र तुला पाठ आहे, म्हणून सुरुवात तिथून कर.

रिक्षात मागे बसलास की कोपरं पोटाशी घट्ट धर आणि शटर १/१५ वर ठेव, म्हणजे ते सेकंदाचा पंधरावा भाग उघडं राहील आणि तेवढ्या वेळात जे हलेल ते पुसट होईल. रिक्षावाल्या काकांना विचारून त्यांचा खांदा, हँडल आणि पुढची काच फ्रेममध्ये घे. तू, कॅमेरा आणि रिक्षा एकाच वेगाने पुढे जात असता, त्यामुळे खांदा बऱ्यापैकी स्पष्ट येतो आणि बाहेरची दुकानं, दिवे, माणसं रेघा होऊन वाहतात. खड्ड्यांमुळे पुष्कळ फोटो वाया जातील, ते जाऊ देत. मग खाली उतर, फुटपाथवर खांबाला पाठ टेक आणि शटर न बदलता पुन्हा काढ. आता दुकान जागेवर राहील आणि रिक्षा वाहून जाईल. तिसऱ्या खेपेला एखाद्या सायकलस्वाराबरोबर कमरेतून वळत क्लिक कर आणि क्लिक झाल्यावरही वळत राहा. या वेळी माणूस टिकेल आणि रस्ता विरघळेल. तिन्ही वेळा शटर तेच होतं, रस्ताही तोच होता. काय स्थिर ठेवायचं, एवढंच तू दर वेळी वेगळं ठरवलंस. सर्जनशील फोटोग्राफीतलं निम्मं काम मला या एका निर्णयात दिसतं.

फोटोग्राफीच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या लुई दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका रस्त्याचा खिडकीतून फोटो घेतला होता, तो जरूर बघ. एक्सपोजर, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा वेळ, काही मिनिटांचं होतं, त्यामुळे रस्त्यावरच्या चालत्या घोडागाड्या आणि माणसं उमटलीच नाहीत. उमटला तो कोपऱ्यात बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस, कारण तो तेवढा वेळ एका जागी उभा होता. माणूस दिसणारा सर्वांत जुना फोटो म्हणून तो ओळखला जातो. मला तो फार प्रिय आहे.

उजेडाचा हिशोबही सांगून ठेवतो. लख्ख उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) १०० आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) एफ/१६ इतकं लहान ठेवलं तरी शटर १/१२५च्या आसपास येतं. १/१५ वर गेलास तर फोटो पांढराफटक पडेल. एनडी फिल्टर म्हणजे लेन्सवर लावायची करडी काच; तिचा एकेक स्टॉप प्रकाश निम्मा करतो. तीन स्टॉपचा लावला की प्रकाश एक अष्टमांश उरतो आणि काम होतं. खरेदी करायचीच असेल तर तेवढी कर. फोनवर काढणार असशील तर बहुतेक फोनमध्ये अ‍ॅपर्चर बदलता येत नाही, म्हणून दिवेलागणीची वेळ धर. मला स्वतःला तीच वेळ जास्त आवडते.

आता हंपी. विठ्ठल मंदिरातला दगडी रथ डोळे भरून बघ. संत भानुदासांनी विठ्ठलाची मूर्ती याच गावातून पंढरपूरला परत आणली अशी आपली परंपरा आहे, तेव्हा तिथे नुसतं बसून राहायलाही वेळ ठेव. पण तो रथ पन्नासच्या नोटेवर छापलेला आहे, त्याचा समोरून आणखी एक फोटो तू कशाला काढायचा? त्यापेक्षा तुंगभद्रेतल्या गोल होडीत, कोरॅकलमध्ये बस. नावाडी पर्यटकांसाठी ती होडी गरगर फिरवतात. तू रिक्षात जे शिकलास तेच इथे कामाला येईल. होडीबरोबर कॅमेराही फिरत असल्यामुळे समोर बसलेला माणूस टिकेल आणि काठावरचे ग्रॅनाइटचे अजस्र धोंडे पातळ होऊन वाहू लागतील. वल्हवणारा हात पुसट झाला तर होऊ दे, मला तो तसाच हवा. शटर १/८ पासून सुरू कर. कॅमेऱ्याचा पट्टा मात्र मनगटाला गुंडाळून ठेव.

नदीवर अंघोळ करणाऱ्यांवर, विशेषतः बायकांवर, कॅमेरा रोखायचा नाही. फोटो कितीही सुंदर दिसत असला तरी नाही. बाकी कुणाचा जवळून काढायचा तर आधी विचार. भाषा येत नसली तरी कॅमेरा खाली धरून नजरेने विचारता येतं. समोरच्याने मान हलवून नको म्हटलं तर हसून पुढे जा.

निघण्याच्या आधी रिक्षातले सगळे फोटो मला पाठव. निवडून पाठवू नकोस, बिघडलेलेही पाठव. प्रत्येकाखाली शटर किती होतं ते लिही. हात कुठे चुकून हलला आणि कुठे तू मुद्दाम हलवलास, ते आपण फोनवर एकेक फोटो घेऊन बघू.

तुझा,
दादा